तीन पिढ्यांच्या पलीकडे: गोव्यात आपलं कूळ कागदावर कसं शोधायचं

पितृपक्षात भटजी तर्पणाला बसवतात तेव्हा बाप, आजा, पणजा अशी तीन नावं विचारतात. आईकडचीही तीन. पणज्यापाशी बहुतेकांची जीभ अडखळते. मग आतून एखादी म्हातारी नाव पुरवते, आणि ती नसेल तर भटजीच काहीतरी वाट काढतात. तोंडी चालत आलेली वंशावळ साधारण इथपर्यंतच पोचते. त्याच्या मागे जायचं तर कागदाचा आधार घ्यावा लागतो.

त्या बाबतीत गोव्याचं नशीब बरं. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं आणि त्यांना लिहून ठेवायची खोड होती. गोव्यातलं सरकारी दफ्तर १५९५ साली रीतसर उभं राहिलं आणि दियोगो दो कोउतो हा इतिहासकार त्याचा पहिला दफ्तरदार झाला. पणजीचं आजचं पुराभिलेखागार म्हणजे त्याच दफ्तराचा वारसा. पण दफ्तर मोठं म्हणून आपला पणजा त्यात असेलच असं नाही. कोणाचंही नाव कोणी हौसेने लिहून ठेवत नाही. हक्क, कर, धर्म किंवा भांडण, यांपैकी एखादं कारण असेल तरच ते वहीत चढतं. म्हणून 'पणज्याचा कागद कुठे मिळेल' यापेक्षा 'पणज्याचं नाव कोणाला, कशासाठी लिहावं लागलं असेल' हा प्रश्न आधी विचारावा. तो गावकार, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीतला वाटेकरी, होता का? देवस्थानचा महाजन, म्हणजे तिथला वंशपरंपरेचा हक्कदार? त्याच्या नावावर जमीन होती, की दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायती जमिनीत, झोपडी? चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला होता का? उत्तर बदललं की शोधायची वही बदलते.

घरापासून सुरुवात करा हे सगळेच सांगतात, त्यावर फार लिहीत नाही. पत्र्याची पेटी, देवघराच्या वरचा फडताळ, जुन्या विक्रीखतांची गुंडाळी, पोर्तुगीज काळातलं ओळखपत्र, लग्नपत्रिका, निधनाच्या जाहिरातींची कात्रणं. एक गोष्ट मात्र म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम विचारायची: हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव एकच होतं का? आपल्याकडे घरोघरी बाबी, भाई, बाबल, आबा असतात. गावात सगळे ज्याला बाबलो म्हणून ओळखत, तो नोंदवहीत पुंडलीक निघतो. घरात कोणी दत्तक गेलं किंवा आलं होतं का, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. दत्तक गेलेला मुलगा पुढच्या कागदांत दत्तक बापाचं नाव लावतो, आणि जन्मदात्याच्या वंशात तो अचानक नाहीसा होतो.

आता सरकारी नोंदींकडे वळू. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं. नव्या सरकारने १९११ साली जन्म, विवाह, मृत्यूची नोंद चर्चच्या हातातून काढून स्वतःकडे घेतली. गोव्यात ही नागरी नोंदणी १९१४ च्या सुमारास सुरू झाली. गोव्यातल्या हिंदूंसाठी ही तारीख फार महत्त्वाची, कारण जन्मलेल्या प्रत्येक मुलाची आईबापांच्या नावासकट नोंद करणारी वही त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा तेव्हा आली. मुसलमानांचंही तसंच. ख्रिस्ती कुटुंबांच्या नोंदी त्याआधीही होत्या, त्या चर्चमध्ये.

या वह्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आणि जुन्या असतील तर पुराभिलेखागारात असतात. दाखला मागताना साधा सारांशाचा घेऊ नये. त्यात नाव, तारीख, आईबाप एवढंच येतं. मूळ नोंदीची शब्दशः नक्कल मागावी, गोव्यात तिला तेओर म्हणतात. तिच्यात आजे-आज्या, आईबापांचं मूळ गाव, व्यवसाय, साक्षीदार, कधी घराचा वाडासुद्धा असतो. समासातल्या टिपा तर अजिबात सोडू नयेत. पुढे लग्न झालं, नाव बदललं, निधन झालं, अशा नोंदी पुष्कळदा त्याच पानाच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेल्या असतात. एकाच पानावर अख्खं आयुष्य सापडतं ते असं.

नाव सापडत नाही म्हणून लोक परत जातात, त्याचं मुख्य कारण स्पेलिंग. लिहिणारा कारकून पोर्तुगीज लिपीत लिहायचा. त्या लिपीत 'श' हा उच्चार एक्स या अक्षराने दाखवतात, म्हणून शंकर, शेट, गणेश ही नावं एक्सने लिहिलेली सापडतात. केणी आणि केंकरे 'के'खाली नसतात, क्यूखाली असतात. कामत हे कामोतीं होतं, प्रभू पोरोब होतो, शेणवी सिनाय होतो. त्यात सिनाय हा शब्द कधी आडनावासारखा येतो, तर कधी नाव आणि आडनाव यांच्यामध्ये मानाचं पद म्हणून. त्याच माणसाच्या दुसऱ्या कागदावर तो गळालेला असतो. शिवाय पोर्तुगीज पद्धतीच्या अनुक्रमणिका बऱ्याचदा आडनावावर नसतात, पहिल्या नावावर असतात. आडनाव धरून बोट खाली नेणारा माणूस अख्खी वही संपवतो आणि नोंद नाही म्हणून उठतो. नोंद असते.

मग तारखेचा घोळ. जुन्या हस्ताक्षरात सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर हे महिने अनुक्रमे ७, ८, ९ हे आकडे आणि त्यांना जोडलेलं 'ब्रो' अशा संक्षेपाने लिहीत, कारण लॅटिनमध्ये त्या नावांचा अर्थच सातवा, आठवा, नववा असा. डिसेंबरसाठी रोमन दहाचं चिन्ह. आजच्या डोळ्यांना ७ दिसला की आपण जुलै धरतो आणि दोन महिने मागे जातो. जन्म बाप्तिस्म्यानंतर पडलेला दिसला की समजावं, हाच गोंधळ झाला आहे.

चर्चच्या वह्यांचा कालखंड याहून कितीतरी लांब. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहाची वही प्रत्येक धर्मगुरूला बंधनकारक केली, बाप्तिस्म्याची वहीही त्याच सुमारास नेमाची झाली. १६१४ च्या रोमन विधिसंहितेने मृत्यूची वही जोडली. गोव्यातल्या तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, कागदोपत्री चारशे वर्षांची शक्यता आहे. प्रत्यक्षात वाळवी, पावसाळ्याचा ओलावा आणि कागद खाणारी शाई यांनी सुरुवातीच्या बऱ्याच वह्या संपवल्या. उरलेल्यांपैकी काही चर्चमध्येच आहेत, काही पणजीच्या पुराभिलेखागारात, आणि अनेक चर्चच्या वह्यांची पानं फॅमिलीसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर छायाचित्रांच्या रूपात घरबसल्या पाहता येतात. चर्चमध्ये जायचं असेल तर पाद्री विगारांना आधी लिहून कळवावं. नेमकी वर्षं आणि वाडा सांगावा. 'आमचे डिसोझा शोधायचे आहेत' असं म्हणत बारदेशच्या चर्चमध्ये गेलेल्या माणसाचं काय होत असेल याची कल्पना करा.

बाप्तिस्म्याची एक नोंद जवळून बघू. ठरावीक साचा असतो. आधी दिवस, महिना, वर्ष, मग चर्चचं नाव आणि बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं नाव. त्यानंतर बाळाचं नाव आणि जन्मदिवस, बहुधा काही दिवस आधीचा. पुढे 'फिल्यु लेजितिमु', म्हणजे औरस संतान, आणि आईबापांची नावं. बापाचं गाव, आईचं गाव. ती गावं वेगळी असली तर हे लग्न कुठे झालं असेल याचा पत्ता तिथेच मिळतो, कारण लग्न सहसा नवरीच्या गावच्या चर्चमध्ये लागे. मग 'नेतु पातेर्नु', म्हणजे बापाकडून नातू, आणि आजा-आजी, तसंच आईकडचे. एका नोंदीत तीन पिढ्या झाल्या. शेवटी पाद्रीन आणि मादीन, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता आणि धर्ममाता. त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. ते बहुतेकदा काका, मामा, आत्या असतात. दोन समान नावांच्या कुटुंबांपैकी आपलं कुठलं हे ठरवायला पाद्रीनच्या नावासारखी खूण नाही. औरस ऐवजी 'पाय इन्कोग्नितु', म्हणजे बाप अज्ञात, असंही कधी दिसतं. ते वाचून घरात कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, हे शोधणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

आडनावाबद्दल एक इशारा देतो. धर्मांतर होताना नवख्रिस्ती माणसाला पुष्कळदा त्याच्या पाद्रीनचं किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं आडनाव मिळायचं. एकाच दिवशी, एकाच पाद्रीनच्या साक्षीने बाप्तिस्मा घेतलेली, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेली कुटुंबं पुढे एकाच आडनावाची झाली. आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी पडली. त्यामुळे फर्नांडिस आणि फर्नांडिस यांचा संबंध आडनावाने लागत नाही, गाव आणि वाडा यांनी लागतो. पोर्तुगीज रक्त असल्याचा पुरावा तर तो मुळीच नव्हे, कोणी कितीही ठासून सांगो.

थडग्यांवरून वंश शोधण्याची पाश्चात्य पद्धत गोव्यात फारशी चालत नाही. इथल्या चर्चच्या दफनभूमीत जागा कमी, त्यामुळे साधी थडगी काही वर्षांनी उघडून अस्थी हलवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला पुरतात. कायमची दगडी थडगी पैसेवाल्यांची. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चची जमीन थडग्यांच्या शिळांनी भरलेली आहे, कोरीव बिरुदांसकट. पण त्या मुख्यतः पोर्तुगीज घराण्यांच्या आणि सरदार-अधिकाऱ्यांच्या. आपल्यासारख्यांना उपयोगी पडते ती मृत्यूची वही. तिच्यात वय, वैवाहिक स्थिती, नवरा किंवा बायकोचं नाव, शेवटचे संस्कार मिळाले की नाहीत, मृत्युपत्र होतं की नाही, पुरलं कुठे, अशी माहिती येते. 'मृत्युपत्र होतं' हे दोन शब्द सापडले तर थेट नोटरीच्या जुन्या वह्यांकडे वळावं. कॉन्फ्रारीचा, म्हणजे चर्चमधल्या मंडळाचा सदस्य असेल तर त्या मंडळाची स्वतंत्र यादीही असते.

हिंदूंच्या स्मशानात नोंद राहत नाही. १९१४ पासूनची मृत्यूची सरकारी नोंद हाच आधार, आणि तिच्यातलं वय पाच-सात वर्षांनी इकडेतिकडे असू शकतं असं धरून चालावं. सांगणारा शेजारी अंदाजाने सांगायचा, कारकून गोल आकडा लिहायचा. साठ, सत्तर, ऐंशी.

जनगणनेबद्दल मात्र लोकांची मोठी गैरसमजूत आहे. परदेशातली उदाहरणं वाचून वाटतं, जुनी खानेसुमारी मिळाली की घरातल्या सगळ्यांची नावं मिळतील. इंग्लंड-अमेरिकेत मिळतात, ठरावीक वर्षांनी तिथे त्या खुल्या करतात. आपल्याकडे जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ नुसार घरोघरचे तक्ते कोणालाही बघायला मिळत नाहीत आणि ते न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. पोर्तुगीजांनी गोव्यात १९००, १९१०, १९२१ अशा खानेसुमाऱ्या केल्या, शेवटची १९६० ची. त्यांचं छापून आलेलं रूप म्हणजे आकड्यांचे तक्ते. नाव शोधायला निरुपयोगी, पण संदर्भाला कामाचे. गोव्याची लोकसंख्या १९१० मध्ये सुमारे ४ लाख ८७ हजार होती, १९२१ मध्ये ती ४ लाख ६९ हजारांवर उतरली. मधल्या काळात १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली आणि मुंबई, आफ्रिकेकडे माणसं जातच होती. तेव्हा १९१५ साली जन्मलेला आपला आजोबांचा भाऊ पुढे कुठल्याच कागदात दिसत नसेल, तर १९१८-१९ ची मृत्यूची वही आधी काढावी.

नावांसकट खानेसुमारी हवी असेल तर ती चर्चने केली होती. १६१४ च्या त्याच विधिसंहितेने पाद्रीला घरवार यादी ठेवायला सांगितलं होतं: घरात कोण कोण, वय काय, ईस्टरच्या आधी कोणी पापनिवेदन केलं आणि कोण चुकलं. ती जिथे टिकली आहे तिथे पूर्ण कुटुंब एका ओळीत उभं राहतं. मुक्तीनंतरच्या काळासाठी मतदारयाद्या वापराव्यात. पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ ची, जनमत कौल १६ जानेवारी १९६७ चा. यादी घरक्रमाने असते आणि वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नावही देते.

आता १९१४ च्या मागे हिंदू कुटुंब कसं जाणार? हा भाग अवघड, आणि माझ्या मते सगळ्यांत रंजकही.

पहिली पायरी कुलदैवत. सोळाव्या शतकात तिसवाडी, सासष्टी, बारदेशातली देवळं पाडली गेली तेव्हा भक्तांनी मूर्ती नदीपार, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, नेल्या. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला, कामाक्षी राईहून शिरोड्याला. म्हणजे आपण कवळ्याचे महाजन असलो तर आपलं मूळ कवळ्यात धरू नये, केळशीच्या बाजूला नजर टाकावी. आडनावही तेच सांगतं. लोटलीकर लोटलीत राहत असता तर त्याला कोणी लोटलीकर म्हटलं नसतं. गाव सोडल्यावर दुसऱ्या गावाने दिलेलं ते नाव.

दुसरी पायरी त्या देवस्थानची महाजनांची यादी. पोर्तुगीज सरकारने देवस्थानांचा कारभार नियमांत बांधला. १९३३ ची नियमावली आजही वापरात आहे आणि मामलेदार तिच्याखाली देवस्थानांचे प्रशासक असतात. महाजन कोण, याची नोंदवही ठेवावी लागे, कारण समितीच्या निवडणुकीत मत कोणाला आणि मानपान कोणाला हे त्यावर ठरायचं. भांडणं झाली, आणि वंशशोधकाच्या दृष्टीने ती भांडणं हे वरदान. अमुक घराणं महाजन आहे की नाही यावर दावा लागला की दोन्ही बाजू आपापल्या पाच-सहा पिढ्यांची वंशावळ कागदोपत्री मांडतात. देवस्थानच्या समितीकडे जुन्या दाव्यांची कागदपत्रं आहेत का, हे आवर्जून विचारावं. विचारताना स्वतः कुठल्या गटाचे आहात हे मात्र सांगावं लागेल, आणि चहा थंड होईपर्यंत उत्तर मिळणार नाही.

तिसरी, आणि धर्माच्या दोन्ही बाजूंना लागू पडणारी, कोमुनिदाद. हे गावकरी या ग्रामसंस्थेचं पोर्तुगीज नाव, पण संस्था पोर्तुगीजांच्या आधीची. अफोन्सो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५२६ साली तिचे रीतिरिवाज फोराल नावाच्या सनदेत लिहून काढले. गावची सामाईक जमीन, तिचं उत्पन्न, आणि वर्षाअखेरीस गावकाराला मिळणारा वाटा, म्हणजे जोण. जोण बापाकडून मुलाकडे जाते, वांगडाप्रमाणे. वांगड म्हणजे मूळ वसाहतकारांचं एकेक कूळ. जोण घ्यायची तर नाव लावून घ्यावं लागतं, त्यासाठी मी अमुक वांगडातल्या अमुक गावकाराचा मुलगा हे सिद्ध करावं लागतं. रक्कम आज पुष्कळ ठिकाणी नगण्य असेल, पण नोंदवही अनमोल आहे. बाप-मुलगा-नातू अशी सलग साखळी, धर्म बदलला तरी न तुटलेली. सासष्टीतल्या एकाच वांगडाच्या एका शाखेत सोळाव्या शतकात हिंदू नावं आणि पुढे पोर्तुगीज नावं, असं पाहायला मिळतं. जुन्या वह्या गोयकानडी या गोव्यातल्या जुन्या लिपीत किंवा मोडीत असू शकतात. मोडी वाचणारे आजही मिळतात, गोयकानडीचे फार थोडे.

चौथी वाट गोव्याबाहेर जाते. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये यात्रेकरूंच्या नामावळी ठेवतात, गावानुसार आणि आडनावानुसार. आलेला माणूस आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव सांगून खाली सही करतो. आपल्या आजाच्या हातची मोडी सही तिथे सापडू शकते, जी घरात कुठेच राहिलेली नसते. आपल्या गावाचे उपाध्ये कोण, हे तिथे पोचल्यावर विचारत विचारत कळतं. जाताना दक्षिणा आणि वेळ दोन्ही हाताशी ठेवावं.

इथपर्यंत जे सांगितलं त्यात बायका जवळजवळ नाहीतच, हे लक्षात आलं असेल. जोण पुरुषाला, महाजनकी पुरुषाच्या वंशाने. वर आपल्याकडे लग्नात नवरीचं नावच बदलतात. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव कोरलं की माहेरची सुंदरी सासरची लक्ष्मी झाली, आणि जन्माच्या वहीतली सुंदरी व मृत्यूच्या वहीतली लक्ष्मी यांना जोडणारं पुढे कोणी उरत नाही. जोडणारा कागद एकच: विवाहाची नोंद. तिथे मुलीचं माहेरचं नाव, आईबाप, जन्मगाव असतं. गोव्यात हिंदूंनाही नागरी विवाहनोंदणी लागू होती, सह्या केल्याशिवाय लग्न कायद्याने लग्न ठरत नसे, त्यामुळे ही नोंद सापडण्याची शक्यता उर्वरित देशापेक्षा इथे खूप जास्त. आजीच्या माहेराचा शोध नेहमी तिच्या लग्नाच्या नोंदीपासून सुरू करावा, जन्माच्या नाही.

दुसरा आधार वारसाहक्काचा. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाला. त्याने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आणि नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली. ताबडतोब कागदावर फरक पडला. माणूस मेला, वाटणीसाठी न्यायालयात इन्वेंतार, म्हणजे वारस आणि मालमत्ता यांची यादी मांडणारं प्रकरण, लागला की सगळ्या वारसांची यादी द्यावी लागे: मुलगे, मुली, मुलींचे नवरे, आधी वारलेल्या मुलाची मुलं, कोण मुंबईला, कोण लोरेन्सो मार्किशला, म्हणजे मोझांबिकमधल्या आजच्या मापुतोला. हक्क सोडून देणाऱ्या बहिणींनाही सही करायला यावंच लागे. पणजोबांचा एक इन्वेंतार हाती लागला तर दहा दाखल्यांचं काम होतं. तो न्यायालयाच्या जुन्या दफ्तरात असतो, आणि त्याची नोटीस सरकारी राजपत्रात छापून येई. हे राजपत्र १८३७ पासून निघतं. पणजीचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय जुन्या राजपत्रांसाठी आणि वर्तमानपत्रांसाठी सोयीचं. ओ हेराल्डो १९०० पासूनचा, त्यात निधनवार्ता असतात.

आजकाल शोधणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वंशावळीत रस नसतो, पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लागणाऱ्या लिस्बनच्या नोंदीत असतो. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला आजा किंवा बाप सिद्ध करायचा असतो. त्यात काही वावगं नाही. पण त्या कामासाठी नावं 'जुळवून' घेतलेले, प्रतिज्ञापत्रांनी दुरुस्त केलेले दाखले घरात जमा होतात आणि पुढची पिढी त्यांनाच मूळ समजते. दुरुस्तीच्या आधीच्या नोंदीची नक्कल जपून ठेवावी.

राहिला सर्वांत कठीण प्रश्न: ज्यांच्याकडे कुठलाच हक्क नव्हता त्यांचा. भाटकाराच्या जमिनीत राहणारा मुंडकार, शेतात राबणारा गावडा, कुणबी. जोण नाही, महाजनकी नाही, वाटणी करायला मालमत्ता नाही. त्यांची नावं बहुधा दुसऱ्याच्या कागदात सापडतात. भाटकाराच्या इन्वेंतारात 'अमुकाचं घर या भाटात आहे' अशी ओळ असते. मुक्तीनंतरच्या भूमापनात एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या, उताऱ्यावर कूळ म्हणून नाव येतं. मुंडकार कायदा १९७५ चा, त्याखालच्या अर्जांत किती पिढ्या इथे राहतो हे स्वतः मुंडकारानेच सांगितलेलं असतं. देवळाच्या सेवेत असलेल्या घराण्यांचंही तसंच. वंश आईच्या बाजूने चालला, बापाचा रकाना रिकामा राहिला, तर देवस्थानच्या खर्चाच्या वहीत सेवेकऱ्यांना दिलेल्या वाटपाच्या नोंदी वाचाव्यात.

नवहिंदू गावड्यांचं उदाहरण इथे घेण्यासारखं आहे. १९२८ साली विनायक महाराज मसूरकरांच्या शुद्धीकरण चळवळीत ख्रिस्ती गावड्यांची कित्येक कुटुंबं हिंदू झाली. अशा कुटुंबातल्या नातवाला आजोबांचं नाव समजा कृष्णा म्हणून माहीत असतं, पण १९२८ च्या आधी जन्मलेला हा कृष्णा वहीत कृष्णा म्हणून नसणारच. तो गावच्या चर्चच्या बाप्तिस्म्यात आणि नागरी नोंदणीत पोर्तुगीज नावाने असणार. म्हणून नाव बाजूला ठेवून बाकीच्या खुणा धराव्यात: वाडा, अंदाजे जन्मवर्ष, भावंडांचा क्रम, आणि १९२८ नंतर जन्मलेल्या धाकट्या भावंडांच्या नोंदीत आईबापांची कुठली नावं लिहिली आहेत. धाकट्याच्या नोंदीत कधी कारकुनाने आईचं जुनं नाव तसंच ठेवलेलं असतं, कधी समासात नावबदलाची टीप असते. यांतल्या तीन खुणा जुळल्या तर नाव शाईने लिहावं. एकच जुळली तर पेन्सिलीने, आणि शेजारी वहीचा क्रमांक व पान.